गादीच्या मापाची चादर

नागपूरच्या गांधीबागेत चादर घ्यावयास गेलेल्या गृहस्थापुढे मालाचा तुटवडा कधीच नसतो. तुटवडा असतो तो निवडीच्या निश्चित कसोट्यांचा. महाल आणि इतवारी या दोन जुन्या वस्त्यांच्या मध्ये पसरलेल्या या ठोक कापडपेठेत साड्या, धोतरे, अस्तरे, पडद्यांचे कापड आणि चादरी यांचे तागे व गठ्ठे दिवसभर हातगाड्यांवरून फिरत असतात. आणि अलीकडे त्यांत, चारही कोपरे शिवून कडेला इलास्टिक घातलेली, जिला दुकानदार ‘फिटेड’ आणि गिऱ्हाईक ‘इलास्टिकवाली’ म्हणते, ती चादर मोठ्या प्रमाणावर दाखल झाली आहे. तिची सोय निर्विवाद आहे. परंतु घरी नेल्यावर ती गादीवर चढतच नाही, चढली तर मध्यरात्री एका कोपऱ्यातून निसटते, दोन धुण्यांत आटते किंवा वर्ष उलटण्याच्या आत तिचे इलास्टिक सैल पडते, अशा तक्रारी इतक्या घरांतून ऐकू येतात की या प्रश्नाचा एकदा साकल्याने आढावा घेणे अगत्याचे आहे. आमचे मत प्रारंभीच नमूद करतो: या बहुतेक तक्रारींचे मूळ चादरीत नसून न घेतलेल्या मापात आहे, आणि ज्याने आपल्या गादीची जाडी मोजली नाही त्याने कितीही किमती चादर आणली तरी त्याचे पैसे वाया जाण्याचाच संभव अधिक.

मुळात ही चादर आपल्याकडे इतकी उशिरा का आली, याचे कारण गादीच्या स्थित्यंतरात आहे. विदर्भ हा कापसाचा मुलूख; येथील घरोघरची गादी सरकीविरहित कापसाची असे, आणि ती भरण्यासाठी पिंजारी आपली धनुकली घेऊन दारी येई. तीन-चार इंच उंचीची, मध्ये दबलेली, कडांना गोलावलेली आणि वजनाने चांगलीच जड अशी ती गादी साधी चादर आपल्याच भाराखाली घट्ट धरून ठेवी. कडा आत खोचल्या की सकाळपर्यंत त्या हलत नसत. शिवाय पुष्कळ घरांत गादी रोज वळकटी करून ठेवावयाची, उन्हाळ्यात गच्चीवर उन्हात टाकावयाची आणि काही वर्षांनी उसवून तोच कापूस पुन्हा पिंजून घ्यावयाचा, अशी वहिवाट असल्यामुळे गादीला चढवलेली मांजरपाटाची खोळ आणि तिच्यावरची चादर हीच व्यवस्था पुरेशी होती. नंतर रबर लावलेल्या काथ्याची गादी आली, तिच्यामागून फोमची आली, आणि आता सहा, आठ, क्वचित दहा इंच उंचीच्या, काटकोनी कडांच्या, वजनाने हलक्या व वरून गुळगुळीत कापड मढवलेल्या गाद्या घरोघर दिसतात. अशा गादीखाली खोचलेली साधी चादर दाबून धरावयास पुरेसे वजनच नसते आणि गुळगुळीत मढणीवरून ती सहज सरकते. एवढ्या उंच कडा चढून खाली जाण्याइतकी लांबीही तिच्यात उरत नाही. कोपरे शिवलेल्या चादरीची गरज येथे उत्पन्न झाली. म्हणूनच ज्यांच्या घरी अद्याप कापसाची गादी आहे त्यांनी या नव्या चादरीच्या मागे लागू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगू. गोल, दबलेल्या कडांवर ती कधीच नीट बसत नाही.

दुसरे कारण कापडाच्या पन्ह्याचे. गांधीबाग, इतवारी, तांडापेठ, गोळीबार चौक या टापूत पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालवणारा कोष्टी समाज लुगडी विणण्यात निष्णात होता. परंतु हातमागाचा पन्हा विणकराच्या हाताच्या आवाक्याने आणि धोट्याच्या फेकीने मर्यादित होतो, आणि त्यामुळे मोठ्या पलंगाचा पलंगपोस दोन पाट मध्ये जोडून करावा लागे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस पिकतो तेथेच तो कातावा व विणावा या विचाराने त्यांनी मुंबई सोडून ही जागा पसंत केली होती, आणि या शहराचे कापडाशी असलेले नाते तेव्हापासून हातमागापुरते उरले नाही. इकडे इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे मालेगाव, भिवंडी ही यंत्रमागाची मोठी केंद्रे झाली. तरीही शंभर इंचांहून अधिक पन्ह्याचे अखंड कापड सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात यावयास रुंद मागांचा प्रसार व्हावा लागला. आणि फिटेड चादरीला तर असे अखंड कापडच हवे असते, कारण मध्ये जोड असला की चादर ताणली जाताच सर्व ओढ त्या शिवणीवर येते. अमेरिकेत बर्था बर्मन नावाच्या महिलेने १९५९ साली अशा कोपरेशिव्या चादरीचे पेटंट घेतले होते. तिथल्या गाद्या तेव्हाही जाड आणि चौकोनी असल्याने तो प्रश्न तिथे आपल्याआधी उपस्थित झाला, इतकेच.

आता मापाकडे येऊ, कारण सगळ्या मामल्याची मेख तेथे आहे. आपल्या बाजारात एकेरी गादी साधारणतः ७२, ७५ किंवा ७८ इंच लांब आणि ३६ इंच रुंद मिळते. दुहेरीत ४८ इंचांपासून ७२ इंचांपर्यंत रुंदी असते, ६० इंची गादीला क्वीन आणि ७२ इंचीला किंग म्हणण्याचा प्रघात आहे. लांबीतला तीन इंचांचा फरक गिऱ्हाईक क्षुल्लक समजते. पण साध्या चादरीत जो फरक खोचण्यात लपून जातो तो शिवलेल्या चादरीत सुरकुती होऊन दिसतो किंवा कोपरा उसवतो. आणि जाडी तर पाकिटावर पुष्कळदा छापलेलीच नसते. ‘किंग साइज’ एवढ्यावर विसंबून चादर घेणे म्हणजे पायाचे माप न देता जोडा मागवणे होय. घरी गादीवर अगोदर घातलेली चादर, अभ्रे सर्व काढून, टेप सरळ धरून, लांबी व रुंदी मध्यावर आणि उंची चारही कोपऱ्यांपाशी मोजावी. गादीवर जलरोधक आवरण किंवा पातळ वरची गादी घातलेली असल्यास ती घालूनच उंची मोजावी, कारण चादरीला त्या सर्वांवरून जावयाचे असते. नव्या फोमच्या गादीचे वेष्टन काढल्यावर तिला पूर्ण फुगावयास अवकाश लागतो, तेव्हा तिचे माप त्याच दिवशी घेऊ नये.

हिशेब कसा करावा याचा एक तपशीलवार नमुना देतो. गादी ७८ लांब, ७२ रुंद आणि ६ इंच उंच आहे असे धरा. रुंदीच्या दिशेने ७२ इंच पृष्ठभागाचे, दोन्ही कडांचे मिळून १२, गादीखाली प्रत्येक बाजूस किमान ४ या हिशेबाने ८, आणि इलास्टिकच्या दुमडीसाठी २, असे ९४ इंच झाले. लांबीच्या दिशेने त्याच रीतीने १०० इंच झाले. सुती कापड पहिल्या धुण्यांत शेकडा तीन-चार तरी आटते असे धरून चालावे. म्हणजे कापड ९८ इंच पन्ह्याचे आणि १०४ इंच लांबीचे हवे. बाजारात दुहेरी म्हणून सर्रास विकली जाणारी ९० बाय १०० ची साधी चादर घेऊन ‘हिचीच फिटेड शिवून द्या’ असे शिंप्यास सांगणारे लोक कोठे चुकतात ते येथे ध्यानात येईल. त्याच गादीची उंची ८ इंच असली तर ९० इंची पन्ह्यातून पृष्ठभाग व कडा यांतच ८८ इंच खर्ची पडतात, आणि गादीखाली जावयास एकेका बाजूस अवघा एक इंच शिल्लक राहतो, त्यातही दुमड करावयाची असते! अशी चादर कोणत्याही इलास्टिकच्या बळावर टिकणार नाही. १०८ इंची पन्ह्याचे कापड मिळते. ते मागावे, आणि थोडे कापड वाया गेले तर त्याचे अभ्रे करून घ्यावेत.

कोपरा शिवण्याची रीत साधी आहे. कापडाच्या चारही कोपऱ्यांतून उंची अधिक खोच एवढ्या बाजूचा चौरस कापून काढावयाचा, म्हणजे वरच्या उदाहरणात दुमड व आट धरून सुमारे ११ इंचांचा, आणि त्या चौरसाच्या दोन कापलेल्या कडा एकमेकींना जोडावयाच्या. शिवण एकेरी नको. कापडाची कड आत दडपून वरून दुसरी टीप मारलेली हवी, कारण चादर चढवताना सर्वाधिक ओढ तेथेच पडते. तयार चादर विकत घेताना आम्ही प्रथम तिचा कोपरा उलटा करून पाहतो: शिवणीतून धागे सुटलेले दिसले, टाके विरळ असले किंवा कोपऱ्याशी केवळ ओव्हरलॉक मारून काम उरकलेले असले, तर वरची छपाई कितीही मनोहर असो, ती बाजूस ठेवावी.

इलास्टिकच्या बाबतीत दोन प्रकारचा माल येतो. एका प्रकारात केवळ चार कोपऱ्यांना वीतभर इलास्टिक जोडलेले असते. दुसऱ्यात ते संपूर्ण परिघास फिरवलेले असते. पहिला प्रकार स्वस्त असतो आणि चार इंच उंचीच्या गादीस कसाबसा चालतो; त्याहून उंच गादीस दुसराच घ्यावा, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. वर सांगितलेल्या गादीचा परीघ ३०० इंच. त्यास न ताणलेल्या स्थितीत त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे सुमारे २०० इंच किंवा साडेपाच वार इलास्टिक पुरते. ते रुंद व विणीचे असावे. ताणल्यावर जे अगदी अरुंद होते ते वेणीचे इलास्टिक लौकर सैल पडते. दुकानात चादरीची कड दोन्ही हातांत धरून ताणावी आणि सोडावी: ती तत्काळ मूळ लांबीवर आली पाहिजे, आणि ताणताना आतून रबर तुटल्यासारखा करकर आवाज येता कामा नये.

कापड कोणते, या प्रश्नाचे उत्तर नागपुरात तरी हवामानच देते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो, घरोघर वाळ्याचे कूलर सुरू असतात, आणि जूनच्या मध्यानंतर तीच हवा दमट होते. शुद्ध कापूस प्रमाणित हवेत आपल्या वजनाच्या शेकडा ८.५ इतका ओलावा धारण करतो. पॉलिएस्टर जेमतेम ०.४. घाम शोषून तो हवेत सोडून देण्याची जी शक्ती सुताला आहे ती मिश्र कापडात त्या प्रमाणात उणी होते, आणि फोमची गादी स्वतः उष्णता धरून ठेवणारी असल्यामुळे तिच्यावर पॉलिएस्टरमिश्रित चादर घातली की वरून आणि खालून दोन्हीकडून शरीराचा कोंडमारा होतो. मिश्र कापड चुरगळत नाही, लवकर वाळते आणि आटत नाही, हे त्याचे गुण मान्य केलेच पाहिजेत. वसतिगृहातील विद्यार्थ्यास किंवा ज्याच्या घरी पाहुण्यांची एकच खाट क्वचित उघडते त्यास ते उपयोगी आहे. परंतु रोजच्या निजण्यासाठी, विशेषतः वृद्धांसाठी आणि घामोळ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी, निखळ सुतीच घ्यावी.

सुतातही विणीचे दोन मुख्य भेद आहेत. एक धागा वर, एक खाली अशी साधी वीण, जिला बाजारात परकेल म्हणतात, ती हवा खेळती ठेवते आणि हातास कोरडी, किंचित करकरीत लागते. चार धाग्यांवरून जाऊन एकाखाली बुडणारी सटीन वीण चकचकीत व मऊ असते, परंतु तिच्यावर तरंगणारे धागे लांब असल्यामुळे ती लवकर घासली जाते, आणि दाट विणीची असल्यास उन्हाळ्यात गरम होते. थंडीच्या दोन महिन्यांसाठी सटीन सुखावह आहे हे खरे. वर्षभरासाठी मात्र आम्ही परकेलच पसंत करू.

यानंतर ज्या एका आकड्याने गिऱ्हाइकांची सर्वाधिक दिशाभूल केली आहे त्या धागेसंख्येचा विचार क्रमप्राप्त आहे. एका चौरस इंचात ताण्याचे व बाण्याचे मिळून जितके धागे, ती धागेसंख्या. १४४ ची चादर विरळ व खरखरीत, १८० ते २१० ची घरगुती वापरास चांगली, ३०० ची उंची, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. परंतु चौरस इंचाची जागा मर्यादित आहे. चारशेच्या पुढे गेलेले आकडे पुष्कळदा पीळ घालून एकत्र केलेल्या दोन-तीन बारीक पदरांना वेगवेगळे मोजून सिद्ध केलेले असतात, आणि असे कापड जड व कोंदट होते. धाग्याचा खरा दर्जा तंतूच्या लांबीवर ठरतो. लांब तंतूचे सूत बारीक काततानाही मजबूत राहते आणि त्याच्या कापडावर गोळे धरत नाहीत. १९७४ साली कोइंबतूर येथे सिद्ध झालेला सुविन हा आपल्या देशाचा अतिलांब धाग्याचा वाण जगातील उत्तम कापसांत गणला जातो. आमच्या विदर्भाचा सर्वसाधारण कापूस त्या जातीचा नाही, तथापि चादरीसाठी तो सर्वथा पुरेसा आहे, आणि इजिप्तच्या नावाने अधिक दाम मोजण्याचे कारण नाही. २०१६ साली अमेरिकेतील एका मोठ्या विक्रेत्याला इजिप्शियन कापसाच्या म्हणून पुरवलेल्या चादरी वस्तुतः तशा नव्हत्या असे उघडकीस येऊन आपल्याकडील एका निर्यातदाराशी असलेला व्यवहार तुटला, हे प्रकरण वृत्तपत्रांतून गाजले होते. जेथे एवढ्या मोठ्या खरेदीदाराची खातरजमा अपुरी पडली तेथे पाकिटावरच्या अक्षरांवर सामान्य माणसाने किती विसंबावे?

त्याने आपल्या हातांवर व डोळ्यांवर विसंबावे. गांधीबागेतल्या जुन्या धाटणीच्या दुकानात पांढऱ्याशुभ्र बैठकीवर बसलेला व्यापारी तागा उलगडतो तेव्हा कापडाचा एक पदर उजेडाकडे धरून पाहावा: विणीची भोके सर्वत्र सारखी आहेत की काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ, ते तत्क्षणी कळते. मग तोच पदर दोन्ही मुठींत धरून एकमेकांवर जोराने चोळावा. पांढरी भुकटी गळू लागली तर ती कांजी आहे, आणि पहिल्या धुण्याबरोबर कापडाचा अर्धा भरदारपणा निघून जाणार असे समजावे. कडेचा एखादा सुटा धागा मागून घेऊन तो काडीने पेटवावा: सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक काळी गोळी होते. या परीक्षेस प्रामाणिक व्यापारी हरकत घेत नाही. कित्येकदा तो स्वतःच काडी पुढे करतो. छापील कापड असल्यास ओला रुमाल रंगीत भागावर घासून पाहावा, आणि हाताला छपाई जाड, रबरी थरासारखी लागली तर तो रंग केवळ पृष्ठभागी बसलेला आहे, धाग्यात मुरलेला नाही, हे ओळखावे. असा थर असलेल्या चादरीतून हवा कमी खेळते. ‘सॅनफोराइझ्ड’ शिक्का असल्यास आटण्याची भीती कमी असते; सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन गृहस्थाने १९३० च्या सुमारास कापड विक्रीपूर्वीच यंत्राने आटवून घेण्याची ही युक्ती काढली. शिक्का नसेल तर कापड कापण्यापूर्वी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे.

तयार घ्यावी की शिवून घ्यावी? गादी नव्या चालीची आणि प्रचलित मापाची असेल, पाकिटावर उंची स्पष्ट छापलेली असेल आणि ती आपल्या गादीहून दोन इंच तरी अधिक असेल, तर तयार घेण्यास प्रत्यवाय नाही. परंतु आमच्या शहरातील कितीतरी पलंग सुताराकडून खोलीच्या मापाने करवलेले असतात, त्यांवरच्या गाद्याही त्या मापाच्या, आणि त्यांना कारखान्यातील कोणतीही चादर यथातथ्य बसत नाही. अशा घरांनी ताग्यातून कापड कापवून आणावे आणि शेजारच्या शिंप्याकडून, वर दिलेला हिशेब कागदावर लिहून देऊन, शिवून घ्यावे. ज्या शहरात ठोक कापडाची पेठ चालत जाण्याच्या अंतरावर आहे त्या शहराने हा लाभ सोडू नये असे आम्हांस मनापासून वाटते. प्रथम एकच शिवावी, दोनदा धुऊन गादीवर चढवून पाहावी, आणि मग त्याच मापाच्या आणखी कराव्या.

काही बिछान्यांना मात्र साधी चादरच योग्य. रुग्णाच्या अंथरुणाची चादर वारंवार बदलावी व उकळत्या पाण्यात घालावी लागते. उकळण्याने इलास्टिक मरते, आणि रुग्णालयांतून सपाट चादरी वापरल्या जातात त्यामागे हेही एक कारण आहे. तीन बाजूंनी भिंतीशी टेकलेल्या पलंगावर शिवलेली चादर चढवणे म्हणजे दर खेपेस गादी उचलणे. ज्यांची पाठ दुखते त्यांच्यावर ही सक्ती करू नये. उलट तान्ह्या मुलाच्या गादीवर सैल चादर कदापि नसावी. ती गोळा होऊन त्याच्या तोंडावर येण्याचा धोका असतो, म्हणून तेथे अगदी मापाची, घट्ट बसणारी आणि वर दुसरे काही न अंथरलेली चादरच हवी.

राखणीविषयी थोडे. कोमट पाण्याहून अधिक उष्णता इलास्टिकला मानवत नाही आणि क्लोरिनचे विरंजक तर त्याला खाऊनच टाकते. वैशाखातल्या उन्हाच्या दिवसांत चादर उलटी करून, इलास्टिकची कड आत दुमडून, शक्यतो सावलीत वाळत घालावी; इस्त्री केवळ मधल्या भागावर फिरवावी. घडी करताना एका कोपऱ्याच्या आत दुसरा कोपरा, असे चारही कोपरे एकात एक सारले की गोळ्याच्या ठिकाणी चौकोनी घडी होते. आणि इलास्टिक सैल पडले म्हणून चांगली सुती चादर टाकून देऊ नये. शिंप्याकडे नेऊन दुमडीची दोन इंच शिवण उसवावी, जुने इलास्टिक ओढून काढावे, त्याच्याच टोकास नवे बांधून आतून फिरवावे आणि तोंड शिवून घ्यावे. नवी चादर शिवावयास देतानाच ती दोन इंचांची जागा कच्च्या टाक्याने बंद करावयास सांगितले, तर हे काम घरी सुईदोऱ्यानेही होते.